गोवर: लसीचे दोन डोस का लागतात आणि घरात गोवर आला तर काय करावे

"डॉक्टर, गोवर तर सगळ्यांनाच येतो. आम्हालाही आला होता, काही झालं नाही." बाळाला लस द्यायला आलेल्या आजीबाईंकडून हे वाक्य मी अनेकदा ऐकतो. त्यांचे म्हणणे खोटे नसते. लस येण्यापूर्वी जवळपास प्रत्येक मुलाला गोवर येऊन जात असे आणि बहुतेक मुले बरीही होत. पण थोडे खोलात विचारले, तर त्याच आजींचे एखादे भावंड लहानपणी 'तापाने' किंवा 'गोवर आत गेल्याने' दगावल्याचे कळते. गोवर आला की आठ दिवसांत जाणारच, असे समजून पालक लसीची तारीख पुढे ढकलतात. हा लेख मुख्यतः अशा पालकांसाठी आहे.

गोवर कसा ओळखावा?

गोवर हा विषाणूमुळे होणारा आजार आहे. उष्णता, आईच्या खाण्यातले काही किंवा देवीचा कोप यांचा त्याच्याशी संबंध नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून साधारण १० ते १४ दिवसांनी ताप सुरू होतो. सोबत खोकला, वाहणारे नाक आणि लाल, पाणावलेले डोळे असतात. या टप्प्यावर तो साध्या सर्दी-तापासारखाच दिसतो. काही मुलांच्या गालाच्या आतल्या बाजूला, दाढांच्या समोर, मिठाच्या कणांसारखे पांढरट ठिपके दिसतात. ते दिसले तर डॉक्टरांना पुरळ येण्याआधीच अंदाज येतो, पण ते एक-दोन दिवसच टिकतात.

ताप सुरू झाल्यावर तीन-चार दिवसांनी पुरळ येते. ते आधी कानामागे आणि केसांच्या कडेला येते, मग चेहरा, मान, छाती-पोट आणि शेवटी पाय असे वरून खाली उतरते. पुरळ लालसर आणि सपाट असते. कांजण्यांसारखे पाण्याचे फोड त्यात नसतात. पुरळ येताना ताप आणखी चढतो, १०४ अंशांपर्यंतही जातो. नंतर पुरळ ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने मावळते, काळपट डाग राहतात आणि त्वचेचा बारीक कोंडा निघतो.

प्रत्येक पुरळ गोवराचे नसते. रुबेला, डेंग्यू, औषधांची ॲलर्जी आणि इतर काही विषाणूंमुळेही ताप आणि पुरळ येते. त्यामुळे नुसते बघून घरीच निदान करू नका. खात्री रक्ताच्या तपासणीने होते.

एवढा पसरतो कसा?

आपल्याला माहीत असलेल्या सर्वांत जास्त संसर्गजन्य आजारांपैकी गोवर एक आहे. कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. कोविडच्या सुरुवातीच्या विषाणूसाठी हा आकडा २ ते ३ च्या आसपास होता. गोवराचा विषाणू हवेतून जातो आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेत राहू शकतो. म्हणजे दवाखान्याच्या बाकावर अकरा वाजता बसून गेलेल्या मुलाकडून बारा वाजता आलेल्या बाळाला लागण होऊ शकते. दोघे एकमेकांना दिसलेही नसतील.

शिवाय पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून मूल संसर्ग पसरवत असते. तेव्हा ते अंगणवाडीत, लग्नात, एसटीत कुठेही असते आणि घरच्यांना वाटते की सर्दी झाली आहे. 'गोवर झालेल्या मुलापासून आम्ही लांब राहू' या उपायाची मर्यादा इथेच आहे. लांब राहायचे हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

'बरा होतो' हे अर्धे खरे

गोवराने मुले दगावतात ती बहुतेक वेळा पुरळामुळे नाही. न्यूमोनिया हे सर्वांत मोठे कारण. त्याशिवाय जुलाब होऊन शरीरातले पाणी कमी होणे, कान फुटणे, स्वरयंत्राला सूज येऊन श्वास अडणे हेही होते. साधारण हजार रुग्णांमागे एकाला मेंदूला सूज येते. कुपोषित मुलांमध्ये आणि जीवनसत्त्व 'अ' कमी असलेल्या मुलांमध्ये डोळ्यांच्या बुबुळाला जखम होऊन कायमचे अंधत्व येऊ शकते. पाच वर्षांखालील मुलांना आणि प्रौढांना जास्त त्रास होतो.

दोन परिणाम उशिरा दिसतात आणि म्हणून ते कोणी गोवराच्या खात्यावर मांडत नाही. पहिला: गोवराचा विषाणू प्रतिकारशक्तीच्या 'स्मरणाच्या' पेशींवरच हल्ला करतो. आधी झालेल्या आजारांविरुद्ध शरीराने जमवलेली तयारी त्यात पुसली जाते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लस न घेतलेल्या मुलांच्या रक्तात गोवरानंतर इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिद्रव्ये नाहीशी झाल्याचे आढळले. 'गोवर झाल्यापासून पोर सारखं आजारी पडतं' असे आया म्हणत आल्या आहेत. त्यांचे निरीक्षण बरोबर होते.

दुसरा परिणाम विरळ आहे, पण भयंकर. काही मुलांच्या मेंदूत विषाणू लपून राहतो आणि साधारण सात ते दहा वर्षांनी, मूल शाळेत चांगले शिकत असताना, त्याचा अभ्यास घसरू लागतो, झटके येतात आणि हळूहळू सगळे बंद पडते. या आजाराला एसएसपीई म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांना त्याचा धोका जास्त असतो. लसीमुळे हा आजार होत नाही. लस गोवर टाळते म्हणून तोही टळतो.

दोन डोस कशासाठी?

राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात गोवर-रुबेला, म्हणजे एमआर लसीचा पहिला डोस ९ ते १२ महिने वयात आणि दुसरा १६ ते २४ महिने वयात, उजव्या दंडावर, मोफत दिला जातो. खासगी बालरोगतज्ज्ञ बहुधा एमएमआर देतात. त्यात गालगुंडाची लसही असते आणि वेळापत्रक ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षे असे असते. गोवरापासून संरक्षण दोन्हींतून मिळते.

दुसऱ्या डोसला पालक 'बूस्टर' समजतात. पहिला झाला, आता बूस्टर राहिला तरी चालेल, असा त्यामागचा विचार. तो चुकीचा आहे. आईकडून बाळाला मिळालेली काही प्रतिद्रव्ये नऊ महिन्यांपर्यंत बाळाच्या रक्तात उरलेली असू शकतात आणि ती लसीचे काम थोडे बिघडवतात. त्यामुळे नवव्या महिन्यात डोस दिलेल्या १०० बाळांपैकी सुमारे ८५ बाळांमध्येच संरक्षण तयार होते. उरलेल्या १५ बाळांच्या अंगात लस गेलेली असते, कार्डावर तारीखही असते, पण संरक्षण नसते. ही १५ बाळे कोणती ते बाहेरून कळत नाही. म्हणून सगळ्यांना दुसरा डोस देतात. दोन्ही डोसांनंतर संरक्षण सुमारे ९७ टक्क्यांपर्यंत जाते.

मग पहिला डोस उशिराच का देत नाहीत? कारण आपल्याकडे लहान बाळांनाही गोवर होतो आणि त्यांनाच तो जास्त जड जातो. नऊ महिने ही त्यातून काढलेली मधली वाट आहे.

आता एक हिशेब करून पाहा. समजा एका तालुक्यात वर्षाला १,००० बाळे जन्मतात. त्यातली ९०० पहिला डोस घेतात आणि दुसरा कोणीच घेत नाही. ९०० पैकी ८५ टक्के, म्हणजे ७६५ सुरक्षित. २३५ उघडी राहिली. पुढच्या वर्षी आणखी २३५. चार वर्षांत ९४० मुले, म्हणजे जवळजवळ एका वर्षात जन्मणाऱ्या बाळांइतकी मुले गोवरासाठी मोकळी. मधल्या काळात एकही रुग्ण न दिसल्याने सगळ्यांना वाटते की गोवर संपला. मग बाहेरगावाहून एक आजारी मूल येते आणि साथ पेटते. 'चार वर्षे काही नव्हते, अचानक कुठून आला?' याचे उत्तर या बेरजेत आहे. साथ रोखायची तर समाजातल्या सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. ९० टक्के ऐकायला छान वाटते, पण गोवरासाठी ते पुरत नाही.

गोवंडीत काय झाले

मुंबईकरांना २०२२ ची साथ आठवत असेल. ऑक्टोबरच्या अखेरीस गोवंडी परिसरात लहान मुलांचे मृत्यू झाले आणि तपासात गोवराची साथ उघड झाली. पुढच्या आठवड्यांत मुंबईच्या इतर भागांत, भिवंडीत आणि मालेगावातही रुग्ण सापडले. कोविडच्या दोन वर्षांत नेहमीचे लसीकरण विस्कळीत झाले होते, अनेक कुटुंबे गावी गेली-आली होती आणि उघड्या मुलांची बेरीज वाढत गेली होती. दाट वस्ती, एका खोलीत सहा-सात माणसे आणि कुपोषण यांनी उरलेले काम केले.

साथ आटोक्यात आणायला काय करावे लागले ते समजून घेण्यासारखे आहे. घरोघर जाऊन ताप आणि पुरळ असलेली मुले शोधली गेली, त्यांना जीवनसत्त्व 'अ' दिले गेले, गंभीर मुलांना दवाखान्यात हलवले गेले. ९ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांना, आधीचे डोस झालेले असले तरी, एक जादा डोस देण्याचा निर्णय झाला. जिथे नऊ महिन्यांखालील बाळांमध्येही बरेच रुग्ण होते तिथे ६ ते ९ महिन्यांच्या बाळांना 'शून्य डोस' दिला गेला. हा शून्य डोस नेहमीच्या दोन डोसांत धरत नाहीत. तुमच्या बाळाला तेव्हा किंवा नंतर कुठल्या साथीत तो मिळाला असेल, तरी नववा महिना आणि सोळावा महिना चुकवायचा नसतो.

एवढी धावपळ, भीती आणि मृत्यू जे रोखू पाहत होते, ते काम वेळेवर दिलेले दोन डोस करतात.

लस पुढे ढकलण्याची नेहमीची कारणे

सर्दी, साधा खोकला, हलका ताप, किरकोळ जुलाब असताना एमआर लस देता येते. दात येत असतानाही देता येते. बाळ अशक्त किंवा वजनाने कमी असेल तर लस आणखीच महत्त्वाची, कारण गोवर अशाच बाळाला जास्त पाडतो. बाळाला खूप ताप असेल किंवा ते दाखल करण्याइतके आजारी असेल तर बरे होईपर्यंत थांबतात, एवढेच.

लस द्यायची नाही अशी मुले थोडी असतात: आधीच्या डोसाला तीव्र ॲलर्जी झालेली, कॅन्सरचे उपचार किंवा जास्त मात्रेत स्टेरॉइड चालू असलेली, प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार असलेली. यांच्याबाबत तज्ज्ञांना विचारून ठरवा. आणि अशा मुलांच्या घरातल्या बाकी सर्वांचे डोस पूर्ण असतील याची काळजी घ्या, कारण त्या मुलांसाठी तेवढाच आडोसा आहे.

लसीनंतर काय होऊ शकते? दंडावर थोडे दुखणे. सात ते बारा दिवसांनी काही बाळांना एक-दोन दिवस ताप किंवा फिकट पुरळ. हे आपोआप जाते आणि त्यापासून दुसऱ्यांना लागण होत नाही. तीव्र ॲलर्जी अत्यंत विरळ, दहा लाख डोसांमागे एखादी, आणि ती बहुधा लगेचच दिसते. लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबायला सांगतात ते यासाठी. तो अर्धा तास थांबा.

ऑटिझमबद्दलही विचारतात. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या एका डॉक्टरने एमएमआर आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा लेख लिहिला होता. त्यातली माहिती खोटी असल्याचे निघाले, २०१० मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकाने तो लेख मागे घेतला आणि त्या डॉक्टरचे नाव वैद्यकीय नोंदणीतून काढले गेले. नंतर लाखो मुलांवर झालेल्या अभ्यासांत असा संबंध सापडला नाही. लसीमुळे पुढे मूल होत नाही ही अफवाही पसरते. तिला कसलाही आधार नाही.

एक कारण मात्र पालकांच्या हातातले नसते. एमआरची कुपी एकदा उघडली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकावी लागते. त्यामुळे कधीकधी 'आज मुले कमी आहेत, पुढच्या वेळी या' असे ऐकायला मिळते. एका बाळासाठीही कुपी उघडावी असेच अपेक्षित आहे. तुम्ही रोज बुडवून आला असाल तर नम्रपणे पण ठामपणे हे सांगा. काही डोस वाया गेलेले चालतात, बाळ परत गेलेले चालत नाही.

ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जाणाऱ्या कुटुंबांसाठी: डोस गावच्याच उपकेंद्रात घ्यायला हवा असे नाही. देशातल्या कुठल्याही सरकारी लसीकरण केंद्रावर तो मोफत मिळतो. निघताना लसीकरण कार्ड कपड्यांबरोबर घ्या, त्याचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि जिथे उतराल तिथल्या आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना बाळ आल्याचे सांगा. तारीख हुकलीच तर सुरुवातीपासून काही करावे लागत नाही. राहिलेला डोस सरकारी कार्यक्रमात पाच वर्षे वयापर्यंत घेता येतो. दोन डोसांत किमान एक महिन्याचे अंतर लागते.

घरात गोवराचा संशय आला तर

पहिली गोष्ट, दवाखान्यात थेट जाऊन रांगेत बसू नका. आधी फोन करा, 'ताप आणि पुरळ आहे' असे सांगा. आम्ही अशा मुलाला वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या दाराने बघतो. त्याच बाकावर लसीसाठी आलेली दीड-दोन महिन्यांची बाळे असतात.

आशाताई, नर्सताई किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. ते रक्ताचा नमुना घेतील, आजूबाजूच्या घरांत चौकशी करतील. यात लपवण्यासारखे काही नाही आणि कोणी दंड करत नाही. एका रुग्णाची नोंद वेळेवर झाली तर शेजारच्या दहा मुलांचे राहिलेले डोस होऊन जातात.

पुरळ आल्यापासून चार दिवस मुलाला घरीच, शक्य तर वेगळ्या खोलीत ठेवा. दाराला कडुनिंबाचा डहाळा लावून बाहेरच्यांना आत न येऊ देण्याची आपली जुनी पद्धत या बाबतीत शहाणपणाची होती. तोच पाला आजही लावायला हरकत नाही. पण 'गोवर पूर्ण बाहेर पडू दे, मग दवाखान्यात नेऊ', 'पाणी कमी द्या', 'फोडणीचे नको, दूध नको', 'आंघोळ नको', खिडक्या बंद करून पांघरुणात गुंडाळा, या गोष्टींनी मुले दगावली आहेत. गोवर आत जात नाही. ज्याला 'आत गेला' म्हणतात तो बहुधा न्यूमोनिया असतो.

मुलाला भरपूर पाणी, पेज, ताक, वरण-भात, जे खाईल ते थोडे थोडे द्या. अंगावरचे दूध चालू ठेवा. जुलाब असतील तर ओआरएस द्या. तापाला वजनानुसार पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन नको. कोमट पाण्याने अंग पुसा, डोळे स्वच्छ ओल्या कापडाने टिपा. गोवराच्या विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. न्यूमोनिया किंवा कान फुटला असेल तरच डॉक्टर ते देतात.

जीवनसत्त्व 'अ' मात्र प्रत्येक रुग्णाला हवे, लागोपाठ दोन दिवस: सहा महिन्यांखाली ५०,००० युनिट, सहा ते अकरा महिने १ लाख, एक वर्षापुढे २ लाख. त्याने अंधत्व आणि मृत्यू दोन्ही कमी होतात. हे औषध डॉक्टरांनी किंवा आरोग्य सेविकेनेच पाजायचे असते, कारण जादा झाले तर अपाय होतो. लसीकरणात नवव्या महिन्यापासून दर सहा महिन्यांनी मिळणारा चमचाभर गोड तेलकट डोस हाच.

पुढीलपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी मुलाला मोठ्या दवाखान्यात न्या: श्वास भरभर चालणे, बरगड्यांखाली खड्डा पडणे, श्वासात घरघर, काहीच न पिणे किंवा सगळे उलटून टाकणे, झटका, झापड किंवा न ओळखणे, लघवी कमी होणे, बुबुळावर पांढुरकेपणा. पुरळ मावळल्यावर ताप उतरून पुन्हा चढला तरीही दाखवा.

घरातल्या बाकी मुलांचे डोस राहिले असतील आणि त्यांचे वय योग्य असेल, तर संपर्कानंतर ७२ तासांच्या आत दिलेली लस आजार टाळू शकते किंवा सौम्य करू शकते. सहा महिन्यांखालील बाळ, गरोदर स्त्री किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती घरात असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. त्यांना लस देता येत नाही, पण सहा दिवसांच्या आत एक वेगळे इंजेक्शन देता येते.

मोठ्या माणसांचे काय?

लहानपणी गोवर होऊन गेला असेल तर तो सहसा पुन्हा होत नाही. पण 'झाला होता बहुतेक' यावर फार विसंबू नका, ते दुसरेच पुरळ असू शकते. ज्या मुलींचे लग्न ठरले आहे किंवा ज्या बाळाचा विचार करत आहेत, त्यांनी रुबेलासाठी तरी विचारावे. रुबेला स्वतः सौम्य असतो, पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा आणि हृदयाचे दोष होऊ शकतात. ही लस गरोदरपणात देत नाहीत. घेतल्यावर किमान एक महिना दिवस राहू देऊ नयेत. बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असतानाही ती घेता येते.

कार्ड हरवले असेल आणि डोस झाला की नाही ते आठवत नसेल, तर आधी उपकेंद्रातली नोंदवही किंवा यू-विनवरची नोंद बघायला सांगा. नोंद सापडलीच नाही तर डोस झालेला नाही असे धरून तो घ्या. आधी झालेला असेल तरी जादा डोसाने अपाय होत नाही.